खांदा शाबूत आहे

माझा एक जुना विद्यार्थी परवा घरी येऊन गेला. सावलीकडचा धानाचा शेतकरी. काही वर्षांपूर्वी मळणी यंत्रात त्याचा उजवा हात कोपराच्या वरून गेला. एका शिबिरात कृत्रिम हात फुकट मिळाला. बोटं हुबेहूब, रंग मात्र गोरापान! तो हात खुंटीला असतो. "गुरुजी, हा लग्नाले घालतो, बांधीत नाही," म्हणाला.

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. शरीरशास्त्राशी माझा संबंध शाळेतल्या तक्त्यापुरता. तक्त्यावर खांदा म्हणजे उखळीचा सांधा, संपलं. पण हात डोक्यावर नेताना १८० अंशांपैकी साधारण ६० अंश खांद्याचं पातं बरगड्यांवरून सरकून देतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. हात गेला तरी पातं हलतं. जुन्या पद्धतीचा आकड्याचा हात यावरच चालतो. पट्टा दुसऱ्या काखेतून घ्यायचा, खांदा पुढे लोटला की तार ताणते आणि आकडा उघडतो. तार सायकलच्या ब्रेकला असते तशीच. बॅटरी नको, आणि बिघडलं तर गावातला सायकलवालाही हात लावू शकेल.

कोपरच नसेल तर मात्र त्याच तारेने कोपरही वाकवायचं आणि आकडाही उघडायचा, ही पंचाईत. म्हणून शास्त्रज्ञ संगणकावर खांदा उभा करतात. पाण्याचा पेला घेताना खांदा आणि कोपर जोडीने हलतात. तेव्हा खांदा कसा हलला यावरून कोपराला काय हवं होतं ते ताडायचं. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा असा एक नमुना १९९४ साली प्रसिद्ध झाला, तो मृतदेहांच्या मोजमापांवर बेतलेला.

काम मोठंच आहे. पण लहानपणापासून कावड वाहिलेला, रोवणीत दिवसभर वाकलेला खांदा त्या मोजमापात कुठे असणार? मला वाटतं, आमच्याकडचे असे जिवंत खांदे मोजायला हवेत. आणि ते होईपर्यंत निदान आकडा तरी द्या, शोभेची बोटं नकोत. वरोऱ्याला आनंदवनात १९४९ पासून माणसात काय उरलंय तिथून सुरुवात होते. शिबिरात या पोराला "खांदा फिरवून दाखव" असं कुणी म्हटलंच नाही.

मी म्हटलं. त्याने गरागरा फिरवला, रिकामी बाही हलत राहिली.

मुंबईला हाजीअलीच्या केंद्रीय संस्थेत कृत्रिम हात बनवतात, तिथे पत्र लिहितो म्हणालो. मुंबई इथून आठशे किलोमीटरहून दूर.

"रोवणीच्या आत होईल का, गुरुजी?" त्याने विचारलं.