दोन हृदयांची बाई

डोहाळे म्हटले की आपल्याला हिरवी साडी, फुलांची वाडी आणि चिंचा-बोरे आठवतात. सुश्रुताने मात्र गर्भिणीला ‘दौहृदिनी’ म्हटले, म्हणजे दोन हृदयांची. आईची उपासमार आणि मनाचा घोर, दोन्ही बाळाच्या वाढीला बाधतात, असे आजचे वैद्यकही सांगते.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानातली गर्भारशी रोवणीत दिवसभर वाकते आणि जेवते सर्वांच्या मागून. तिथल्या आदिवासी गावांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत तिला अंगणवाडीत एक वेळचे गरम, चौरस जेवण मिळू लागले. तेही तिथेच बसवून. घरी नेलेला घास वाटला जातो ना!

वाचकहो, आपल्या घरी सूनबाईचे ताट कितव्या पंगतीला असते?