जुन्या मोटारींची परीक्षा

गाईबैलांचीं व घोड्यांचीं प्रदर्शनें आमच्या वाचकांस परिचयाचीं आहेत. जनावराचे दांत पाहावे, खूर पाहावे, चाल पाहावी आणि मग फीत बांधावी, ही रीत सर्वांस ठाऊक आहे. मोटारगाड्यांचीहि अशीच परीक्षा होते, आणि तीहि विद्यापीठाच्या परीक्षेइतक्या गंभीरपणें, हें आम्ही ऐकून होतों. प्रत्यक्ष पाहण्याचा योग 2024 च्या ऑगस्टमध्यें आला. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत, पॅसिफिक महासागराच्या कांठीं, पेबल बीच म्हणून ठिकाण आहे. तेथील गोल्फच्या मैदानाच्या अठराव्या पट्ट्यावर हा सोहळा भरतो. त्याचें नांव फ्रेंच आहे, ‘कोंकूर देलेगांस’. आपण त्यास डौलाची स्पर्धा म्हणूं.

जाणत्यांनीं आम्हांस आधींच बजावलें होतें कीं, खरें पाहावयाचें असेल तर उजाडण्यापूर्वींच मैदानाशीं उभें असावें. समुद्रावरून आलेल्या धुक्यांत दहा हातांवरचें दिसेना. प्रथम आवाज येई, मग दोन मिणमिणते दिवे, आणि मग नव्वद वर्षांमागचें एखादें लांबलचक धूड गवतावर चढे. येथें गाडीनें स्वतःच्या बळावर चालत आलें पाहिजे. ओढून आणून मांडलेली गाडी उपयोगाची नाहीं. दुपारच्या गर्दीपेक्षां ही पहांटच आमच्या अधिक लक्षांत राहिली आहे.

दोनशेंहून अधिक गाड्या वर्गवार उभ्या राहिल्या आणि निळे कोट व गवती टोप्या घातलेले परीक्षक हिंडूं लागले. मालक हातांत मऊ फडकें घेऊन बाजूस उभा. परीक्षक वांकून चाकांच्या आंत पाहतात, झांकण उघडवून इंजिन पाहतात, दिवे लावावयास सांगतात, भोंगा वाजवून घेतात. चेहऱ्यावर मात्र कांहीं उमटूं देत नाहींत. आमच्या बरोबरच्या एक प्रौढ बाई हळूच म्हणाल्या, “अगदीं मुलगी पाहावयास आल्यासारखें चाललें आहे हो!” उपमा आम्हांस पटली. फरक इतकाच कीं, येथें रंग उजळ असणें हा नेहमींच गुण ठरत नाहीं.

कारण शंभर गुणांची ही परीक्षा मुख्यतः खरेपणाची असते. कारखान्यांतून निघाली त्या वेळीं गाडी जशी होती तशी ती आज आहे काय, हें पाहावयाचें. भलत्याच जातीचा स्क्रू किंवा त्या काळीं नसलेला रंग दिसला कीं गुण कापले जातात. डौलाचा विचार करणारे मानद परीक्षक निराळे असतात. शिवाय आदल्या गुरुवारीं गाड्यांची रस्त्यावरून दूरवर फेरी निघते. पुढें वर्गांत दोन गाड्यांचे गुण समसमान झाले, तर जिनें ती फेरी पुरी केली तिच्या पारड्यांत माप टाकतात. हा नियम आम्हांस फार आवडला.

सर्वोत्तम कोणास म्हणावें, याविषयींची येथील कल्पना मात्र एकसारखी राहिलेली नाहीं. 1950 सालीं ही स्पर्धा मोटारींच्या शर्यतीची सोबतीण म्हणून सुरू झाली, आणि पहिलीं कांहीं वर्षें मुख्य बहुमान नव्या गाड्यांकडेच जाई. 1955 सालीं फिल हिल या तरुणानें आपल्या मावशीची 1931 सालची पिअर्स-ॲरो गाडी भावाच्या मदतीनें दुरुस्त करून आणली आणि बहुमान मिळविला. हाच हिल पुढें 1961 सालीं शर्यतींतील जगज्जेता झाला. त्या दिवसापासून जीर्णोद्धार केलेल्या जुन्या गाड्यांचें युग सुरू झालें. (2018 सालीं तर हिंदुस्थानांतील संस्थानिकांच्या मोटारींचा येथें स्वतंत्र वर्ग होता.)

आणि 2024 सालीं? बहुमान मिळाला तो 1934 सालच्या बुगाटी टाइप 59 या गाडीस. शर्यतीसाठीं बांधलेली, मग रस्त्यावर चालविण्याजोगी केलेली, पुढें बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्याकडे गेलेली ही गाडी. काळा रंग, त्यावर पिवळा पट्टा. रंगास तडे गेलेले, चामडें झिजलेलें. जीर्णोद्धार न झालेल्या गाडीस हा मान येथें प्रथमच मिळाला. आजूबाजूस आरशासारख्या चमकणाऱ्या गाड्या, आणि मधें ही सुरकुतलेली!

आम्हांस देव्हाऱ्यांतील टाकांची आठवण झाली. पिढ्यान्‌पिढ्या स्नान घालून व पुसून त्यांवरचे नाकडोळे झिजतात. खंडोबा कोणता व देवी कोणती हें घरच्या वडील बाईसच ओळखूं येतें. मग घरांत दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सोनाराकडून नवे घडवून घ्यावे. दुसरा म्हणतो, ही झीज पणजीच्या बोटांची आहे, ती मोडींत कशी घालावयाची? आमच्या मतें दोन्ही पक्षांस एकच उत्तर देतां येणार नाहीं. गंजानें पोखरलेल्या गाडीचे तडे राखावे म्हणणें म्हणजे रोग्यास औषध नाकारणें होय. हिलनें हात घातला नसता, तर मावशीच्या गाडीचें नांव आज कोणीं घेतलें असतें? परंतु जो जुना रंग टिकला आहे, तो एकदां खरवडला कीं पुन्हां मिळत नाहीं. हीच बुगाटी 2020 सालीं लंडनच्या लिलांवांत सुमारें 95 लक्ष पौंडांस गेली. तितक्या पैशानेंहि तो परत येणार नाहीं. जेथें संशय असेल तेथें कारागिरानें हात आवरावा, असें आम्हांस वाटतें.

ज्यांचीं मुलें-सुना त्या बाजूस राहतात, त्यांनीं ऑगस्टांत तेथें जाणें झाल्यास हा रविवार अवश्य साधावा. तिकीट महाग आहे, तें आधीं काढून ठेवावें. पहांटेस शाल हवी, दुपारीं टोपी. आणि सकाळीं गवत दंवानें भिजलेलें असतें, तेव्हां पायांत जाड जोडे असावे.