लिंकखालचा पत्ता उघडा लिहा

सोसायटीचे सचिव असोत, शिक्षक असोत की पत्रकार, प्रत्येकाच्या संगणकात वर्षानुवर्षांच्या फाइली साठलेल्या असतात. एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता बदलतो आणि जुना पत्ता आपण कुठल्या कुठल्या फाइलीत दिलाय, ते शोधायची वेळ येते. शोध घेणाऱ्या सॉफ्टवेअरला पत्ता दिला तर ते हात वर करतं. पत्ता फाइलीतच असतो, पण ‘येथे पहा’ या निळ्या अक्षरांखाली दडलेला. अशी बरीच सॉफ्टवेअर फक्त दिसणारा मजकूर वाचतात.

खात्री करायची असेल तर वर्डच्या एखाद्या डॉक्स फाइलीची प्रत काढा आणि नावाच्या शेवटचं ‘डॉक्स’ पुसून ‘झिप’ लिहा. (मूळ फाइलीला हात लावू नका.) आता ती फोल्डरसारखी उघडेल. आतल्या ‘वर्ड’ फोल्डरात मजकुराची एक फाइल असते, आणि लिंकांचे पत्ते मात्र शेजारच्या ‘रेल्स’ फोल्डरातल्या वेगळ्या फाइलीत. पीडीएफचंही तसंच. तिथे लिंक म्हणजे पानावर अंथरलेला अदृश्य चौकोन, पानाच्या मजकुराचा तो भागच नसतो.

तेव्हा आधी आपलं सॉफ्टवेअर तपासा. दोन शब्दांची एक फाइल करा, त्यांना एखाद्या विचित्र पत्त्याची लिंक द्या, सॉफ्टवेअरला तिचा इंडेक्स (शोधासाठीची शब्दसूची) करू द्या आणि तो पत्ता शोधून बघा. सापडला तर उत्तम. नाही सापडला तर सेटिंग्ज चाळा. डीटीसर्चसारख्या सॉफ्टवेअरमध्ये एचटीएमएल फाइलींतल्या लिंका शोधात घ्यायची सोय आहे, पण ती आपण चालू करावी लागते. इथेच बरेच जण फसतात: सेटिंग बदललं तरी आधी झालेला इंडेक्स आपोआप बदलत नाही. तो नव्याने करायला लावा. फाइली भरपूर असतील तर रात्री लावून झोपा.

एकाच वर्ड फाइलीचा प्रश्न असेल तर एवढा खटाटोप नको. ऑल्ट आणि एफ९ दाबा. लिंकांच्या जागी महिरपी कंसात ‘हायपरलिंक’ आणि पुढे पूर्ण पत्ता दिसेल, मग नेहमीसारखं शोधा. पुन्हा तीच बटणं दाबली की फाइल पूर्ववत.

खरा उपाय मात्र लिहिणाऱ्याच्या हातात आहे. ‘येथे क्लिक करा’ ही सवय मला मुळीच पटत नाही. कागदावर छापलं की त्यातून काहीच कळत नाही, आणि ‘प्रिंट’मधून पीडीएफ केली तर बहुधा लिंकही उडते. (पीडीएफ ‘सेव्ह अ‍ॅज’मधून करा.) महाराष्ट्र शासनाचे शासन निर्णय बघा. संकेतस्थळाचा पत्ता आणि त्या निर्णयाचा संगणक संकेतांक शेवटी उघडपणे छापलेला असतो. पत्ता पुढे बदलला तरी क्रमांक, तारीख आणि संकेतांक यांवरून निर्णय शोधता येतो. सरकारी कागदात नक्कल करावी असं फारसं काही नसतं, पण हे जरूर उचला.

जुन्या सगळ्या फाइली दुरुस्त करत बसू नका, आयुष्य पुरणार नाही. पुन्हा लागतील अशा मोजक्या निवडा: ठराव, अर्ज, संदर्भांच्या याद्या. त्यांत प्रत्येक लिंकशेजारी पूर्ण पत्ता आणि तो पाहिल्याची तारीख लिहा. नवी फाइल करताना तर हे पहिल्यापासूनच करा.