तळ कोठे टाकावा?

(द्वितीय वर्ष, कला)

उन्हाळा लागून उजनीचे पाणी उतरू लागले की आमच्या पळसदेवला पळसनाथाचे शिखर पाण्याबाहेर दिसू लागते. ज्या साली पाऊसमान कमी, त्या साली सबंध देऊळ पायथ्यापर्यंत उघडे पडते. २०२४ च्या उन्हाळ्यात असेच झाले होते. मग सोलापूर रस्त्यावरून गाड्या आत वळू लागतात. पूर्वी ही मंडळी दर्शन घेत, छायाचित्रे काढत आणि दिवस मावळायच्या आत परत जात. अलीकडे ती मुक्कामाला राहू लागली आहेत. गाडीच्या टपावर तंबू बांधून आणतात, काठावर ठोकतात, चूल पेटवतात.

मुक्कामाला कोणाची ना नाही. प्रश्न आहे तो तळ कोठे टाकावा हा. पैसे भरून, आखून दिलेल्या, नळ-संडास असलेल्या जागी राहावे, की दिसेल त्या मोकळ्या रानात पथारी टाकावी? वार्षिकांकात तंबूंवर काय लिहायचे, असे काही मित्रांना वाटेल. परंतु ज्या जागेवर हे तंबू उभे राहतात ती जागा माझ्या आजोबांच्या गावाची आहे, त्यामुळे मला हा विषय किरकोळ वाटत नाही.

हा प्रश्न आपल्याकडे नवा असला तरी अमेरिकेत जुना आहे. तेथे युटा आणि ॲरिझोना या राज्यांत, कोलोरॅडो नदीच्या आसपास, लाल खडकांच्या खोल दऱ्यांचा वाळवंटी मुलूख आहे. लोक चाकांवरचे घर घेऊन तेथे हिंडतात. एकाच मोटारीत बिछाना, चूल, मोरी आणि संडास. अशा गाड्यांसाठी भाड्याचे तळ असतात. तेथे वीज मिळते, पाणी मिळते, सांडपाणी सोडायची सोय असते, आणि शेजारी लगेच दुसऱ्याची गाडी असते. ज्यांना ही दाटी नको ते सरकारी मोकळ्या जमिनीवर फुकट उतरतात. तेथे साधारणपणे १४ दिवस राहता येते. पाणी आपले आपण न्यायचे, कचरा आपला आपण परत आणायचा. काही दऱ्यांत तर स्वतःची विष्ठासुद्धा पिशवीत भरून परत आणावी लागते. ऐकायला ओंगळ वाटते, पण त्यामागे कारण आहे. कोरड्या वाळवंटात घाण लवकर कुजत नाही. मातीवर सूक्ष्म जीवांची एक काळपट साय धरलेली असते, तिच्यावर एक पाऊल पडले तरी ती पुन्हा सांधायला कित्येक वर्षे लागतात.

त्या मुलखाचे आणि आमचे एक विलक्षण साम्य आहे. १९६३ साली कोलोरॅडोवरील ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले आणि एक सबंध दरी पाण्याखाली जाऊ लागली. तो जलाशय पहिल्यांदा काठोकाठ भरायला १९८० साल उजाडले. आमच्या भीमेवरील उजनी धरण पूर्ण झाले तेही १९८० सालीच. २०२२-२३ मध्ये तिकडचे पाणी खूप उतरले तेव्हा बुडालेल्या कपारी आणि कमानी पुन्हा उघड्या पडल्या, आणि लोक त्या पाहायला धावले. बुडालेले वर आले की माणूस पाहायला धावतो, मग ते तिकडचे खडक असोत की आमचे देऊळ!

मोकळ्या जागेची ओढ मला कळत नाही असे नव्हे. अमावास्येच्या रात्री काठावर बसले असता जे आकाश दिसते ते दिव्याच्या खांबाखाली दिसत नाही. शिवाय पैशाचा प्रश्न आहेच. कृषिपर्यटन म्हणून चालणाऱ्या ठिकाणी एका रात्रीला जे पैसे पडतात, त्यात आमच्या घरचा आठवड्याचा किराणा येतो. बारामती तालुक्यात पळशीवाडीसारखी केंद्रे किती तरी वर्षांपासून चालू आहेत. २०२० साली राज्य शासनाचे कृषिपर्यटन धोरणही आले. शेतकऱ्याला त्यातून चार पैसे मिळतात याचा मला आनंदच आहे. परंतु आपल्या वर्गातील किती विद्यार्थी स्वतःच्या खर्चाने तेथे राहू शकतील? निसर्ग पाहणे ही केवळ ऐपतदारांची मिरास होऊ नये. म्हणून ‘सगळ्यांनी पैसे भरूनच राहावे’ असे सरसकट म्हणणाऱ्यांच्या पक्षात मी नाही.

तथापि ‘मोकळी जागा’ हा शब्दच फसवा आहे.

पाणी ओसरले की जी जमीन उघडी पडते तिला आम्ही गाळपेर म्हणतो. गाळ ओला असतो तोवर लोक त्यात मका, कडवळ, कोठे कोठे कलिंगड लावतात. पुण्याहून आलेल्या माणसाला त्यात शेत दिसत नाही, कारण बांध नसतो, कुंपण नसते, झाड नसते. त्याला तडे गेलेली काळी जमीन दिसते आणि वाटते, ही कोणाचीच नाही. तो सरळ गाडी खाली घालतो. वरचा पापुद्रा वाळलेला असतो, आत चिखल. चाक रुतले की मग ट्रॅक्टर शोधत तो गावात येतो. ते एक परवडले. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तात्यांच्या तळपायात फुटक्या बाटलीची काच शिरली. कोणीतरी रात्री मुक्काम करून, पेटवलेल्या शेकोटीची राख आणि काचा पायाने गाळात दडपून गेले होते. चार टाके पडले, आणि ऐन काढणीच्या वेळी तात्या दहा दिवस ओट्यावर बसून राहिले.

माणसांचे राहू द्या. टिटवी घरटे बांधीत नाही. खडे-ढेकळांत एखाद्या खळग्यात ती अंडी घालते आणि ती अंडी इतकी मातीच्या रंगाची असतात की पुढ्यात असून दिसत नाहीत. आमच्याकडे तिची अंडी उंचावर दिसली तर पाऊस भरपूर, असा ठोकताळा बांधतात. तंबूची मेख ठोकणारा खाली पाहतो का? डोक्यावर ओरडत घिरट्या घालणारी टिटवी त्याला निसर्गसंगीत वाटते. ती त्याला शिव्या देत असते!

आणि पाण्याच्या कडेला मच्छीमारांची जाळी असतात, होड्या असतात, काहींची झोपडीवजा बिऱ्हाडेही असतात. चिलापी पहाटे बाजारात पोचवायची असते; रात्रभर गाणी लावणाऱ्यांच्या शेजारी त्यांनी झोपावे कसे?

सर्वांत शेवटी माझी आजी. लग्न होऊन ती जुन्या पळसदेवात आली, आणि काही वर्षांतच गाव उठले. देऊळ उघडे पडले की ती एकदा तरी खाली जाते. दोन वर्षांपूर्वी तिने एका ठिकाणी उभे राहून मला सांगितले, “हितं आपला उंबरा हुता. ही पोरं चूल पेटवत्यात न्हवं, तितं माझी चूल हुती.” ती रागावली नव्हती. तिला फक्त नवल वाटत होते. “ह्यास्नी घरी जागा न्हाय व्हय?” असे तिने विचारले. हौसेने उघड्यावर झोपणे ही गोष्ट तिला शेवटपर्यंत पटवता आली नाही. तिच्या लेखी उघड्यावर झोपतात ते ऊसतोडीला आलेले लोक. आमच्या आणि बारामतीच्या भागात दर हंगामात त्यांच्या कोप्या पडतात. त्यांना कोणी विचारत नाही की तुम्हाला दाटीचा तळ आवडतो की एकांत. तेथल्या बायांना अंधार पडायची वाट पाहावी लागते. संडास असणे-नसणे ही पर्यटकाला सोय-गैरसोय वाटते. त्या बायांच्या दृष्टीने ती अब्रूची आणि प्रकृतीची बाब आहे.

वास्तविक उघड्यावर तळ टाकण्याची विद्या आपल्या तालुक्याला परकी नाही. मेंढपाळ धनगरांचा वाडा येतो तेव्हा घोड्यावर बिऱ्हाड असते, मेंढरांभोवती वाघर लावलेली असते, आणि तो वाडा विचारल्याशिवाय कोणाच्या रानात बसत नाही. उलट शेतकरीच त्याला बोलावतो, धान्य देतो, कारण एका रात्रीच्या लेंडीने रान पिकते. उठून गेल्यावर जमीन आधीपेक्षा बरी झालेली असते. अमेरिकेतल्या सरकारी नियमांपेक्षा मला हा नियम वरचढ वाटतो. तो कोठे लिहिलेला नाही एवढेच.

दुसरे उदाहरण वारीचे. तुकाराम महाराजांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्या भागातून जाते. बेलवाडीला गोल रिंगण होते. पालखीतळ ठरलेला असतो, पण सगळी वारी तळावर मावत नाही. दिंड्या आजूबाजूच्या रानात राहुट्या ठोकतात, शाळेत उतरतात, लोकांच्या ओसरीवर झोपतात. म्हणजे दोन्ही पद्धती एकाच रात्री, एकाच गावात! पण येथेही भाबडेपणा नको. पूर्वी पालखी पुढे गेल्यावर मागे राहिलेल्या घाणीचा त्रास गावांना सोसावा लागे. २०१५ च्या सुमारास निर्मलवारी सुरू झाली, फिरती शौचालये आली, स्वयंसेवक उभे राहिले, तेव्हा कोठे फरक पडला. भक्तीने आलेल्या माणसालाही संडास लागतो. मग सहलीला आलेल्याची काय कथा?

तर मग काठावरच एक पक्का तळ बांधून टाकावा, असे कोणी म्हणेल. २०२१ साली राज्य शासनाने कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले आहे. त्यात अशा गाड्यांसाठी पाणी, वीज, स्वच्छतागृहे असलेल्या तळांची कल्पना आहे. कल्पना चांगली आहे, पण तो तळ देवळासमोर, पाण्याच्या कडेला नको. तळ म्हटला की कुंपण आले, फाटक आले, फाटकावर माणूस आला. मग माझ्या आजीने स्वतःच्या उंबऱ्यावर जाताना तिकीट काढायचे का? शिवाय रात्रभर दिवे, जनित्राची घरघर. थंडीत उजनीवर जे रोहित पक्षी येतात ते या देखाव्यासाठी येत नाहीत.

काठावर मुक्काम नको असे म्हणण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते बाहेरच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इंदापूर हा अवर्षणप्रवण तालुका. आमच्याकडे थेंब पडलेला नसतो, आभाळ निरभ्र असते, आणि तरीही पाणी चढते. कारण ते पाणी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरांत पडलेले असते आणि वरच्या धरणांतून सुटलेले असते. २०२४ मध्ये जूनच्या आरंभी उजनी मृतसाठ्यातही खोल गेले होते आणि ऑगस्ट लागता लागता ते भरले. ॲरिझोनातील अँटिलोप कॅन्यन या अरुंद दरीत १२ ऑगस्ट १९९७ रोजी ११ पर्यटक वाहून मरण पावले. पाऊस दरीवर नव्हे, दूर वरच्या बाजूला पडला होता. आमचा काठ तसा अरुंद नाही, लोंढा येणार नाही. पण रात्री कोरड्यावर उभी केलेली गाडी सकाळी चिखलात असू शकते. आणि वारा! वळिवाच्या दिवसांत उजनीवर वावटळ उठते ती सांगून उठत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी होडी अशाच वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. ते या पाण्यावरून नेहमी ये-जा करणाऱ्या मुलखातले लोक होते. तंबूवाल्यांना तर पाण्याची काहीच ओळख नसते.

माझ्या मते मुक्काम वर, नव्या गावठाणात व्हावा. पाहुण्याने कोणाच्या तरी अंगणात, खळ्यात किंवा गच्चीवर तंबू ठोकावा. घरचा संडास वापरावा, पिठले-भाकरी खावी आणि त्याचे पैसे त्या घराला द्यावेत. एका मालकाच्या तळापेक्षा पंचवीस घरांत थोडे थोडे पैसे गेलेले मला अधिक पसंत आहेत. चाकांवरची घरे हमरस्त्याच्या बाजूला, पाण्याची आणि सांडपाण्याची सोय करून उभी करावीत. खाली देवळाकडे पायी जावे. पहाटे जावे, म्हणजे पक्षीही दिसतात. ज्याला काठावरच झोपायचे असेल त्याने जमीन कसणाऱ्याला विचारावे, तो दाखवील तेथेच पडावे, आणि धनगराच्या वाड्यासारखे उठून जावे. तो ‘नको’ म्हणाला तर वाद घालू नये.

यावर आमचा एक मित्र म्हणतो की अशाने पर्यटक येणारच नाहीत, ते दुसरीकडे जातील. थोडे जातीलही. परंतु गावाला किती माणसे झेपतात हेही कधीतरी पाहिले पाहिजे. त्याचा दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: अंगण असलेल्या घरालाच पैसे मिळतील, ज्याला अंगण नाही त्याने काय करावे? हा आक्षेप खरा आहे. त्यावर मला सुचलेला उपाय असा की रस्त्यालगतचा तळ ग्रामपंचायतीने चालवावा आणि तेथील झाडलोट, पहारा, चहाची टपरी ही कामे भूमिहीन घरांतील मुलामुलींना मिळावीत. मच्छीमारांना होडीतून पक्षी दाखवण्याचे काम मिळावे. भिगवण-कुंभारगावकडे स्थानिक नावाडी हे करीतच आहेत. मात्र अंगात जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय एकालाही होडीत घेऊ नये.

हे ग्रामसभेत ठरायला हवे. येत्या ग्रामसभेत मी हे मांडणार आहे. मतदानाचा हक्क मिळून मला एकच वर्ष झाले आहे, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी ‘कॉलेजातले बोलू लागले’ म्हणून हसतील, हे मी धरून चाललो आहे. आजी माझ्याबरोबर येते म्हणाली आहे. जुन्या गावात कोणाचे घर कोठे होते हे तिला तोंडपाठ आहे. तेवढा नकाशा आधी काढून घ्यायचा आहे.