भिंतीवरची ती पेटी शेवटची कधी उघडली होती?



वर्कशॉप लेआउटच्या व्हिडिओनंतर एकच प्रश्न बऱ्याच जणांनी विचारलाय. "सर, फर्स्ट एड बॉक्स कोणता घ्यायचा? ऑनलाइन तर शेकड्याने दिसतात." माझं मत सरळ आहे. पेटी कुठलीही घ्या, पण आतलं सामान रेडीमेड घेऊ नका.

रेडीमेड किट सगळ्यांसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे ते तुमच्या धंद्याला नीट बसत नाही. उघडून बघा. छोट्या चिकटपट्ट्या ढीगभर असतात, आणि रक्त थांबवायला लागतो तो जाड गॉज आणि रुंद रोलर बँडेज नावापुरतं. आता तुमचं युनिट फॅब्रिकेशनचं असेल, तर तिथे काय होतं? पत्र्याने हात चिरतो, ग्राइंडरचा कण डोळ्यात जातो, वेल्डिंगचा चटका बसतो. फरसाण किंवा चकलीचा धंदा असेल तर तेल उडतं. मसाला कांडपात तिखट डोळ्यात जातं. एक कागद घ्या आणि आपल्याकडे गेल्या वर्षभरात कोणाला काय काय लागलं, ते कामगारांना विचारून लिहा. त्यांना सगळं आठवत असतं. तीच तुमची खरेदीची यादी.

तरी कुठल्याही पेटीत हवंच असं सांगतो: निर्जंतुक गॉज, मोठे आणि लहान, भरपूर. रोलर बँडेज, क्रेप बँडेज, चिकटपट्टी, हात झोळीत घ्यायला त्रिकोणी कापड, चांगली धारेची कात्री, चिमटा, हातमोजे, जखम आणि डोळा धुवायला सलाईनच्या बाटल्या, जंतुनाशक. कापूस ठेवा, पण तो उघड्या जखमेवर थेट लावू नका, तंतू चिकटतात. हे सगळं जवळच्या मेडिकलमधून सुटं घेतलं तरी खिशाला फार मोठा फटका बसत नाही. दिवाळीला आपण मिठाईच्या बॉक्सवर याहून जास्त घालवतो.

पण सामान असून वापरता आलं नाही तर? इथेच खरा गोंधळ आहे. भाजलं की आपल्याकडे कोणी टूथपेस्ट आणतो, कोणी हळद, कोणी तूप. यातलं काहीही लावायचं नाही. भाजलेला भाग नळाच्या साध्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायचा. घड्याळ लावून वीस. बर्फ नको. अंगठी, बांगड्या सूज यायच्या आत काढायच्या, मग स्वच्छ कापडाने सैल झाकून डॉक्टरकडे. म्हणजे भाजण्यावरचं पहिलं औषध पेटीत नसतंच, ते नळात असतं. म्हणून पेटी पाण्याच्या नळाजवळ लावा, ऑफिसच्या केबिनमध्ये शोभेला नको.

आणि प्रत्येक वर्कशॉपमध्ये डोळ्यातला कण रुमालाच्या टोकाने किंवा काडीने काढणारा एक 'एक्स्पर्ट' असतो. त्याला आजच थांबवा. साधी धूळ असेल तर डोळा पाण्याने धुवा. कण रुतला असेल तर चोळायचं नाही, ओढायचं नाही, डोळा झाकून थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. ॲसिड किंवा केमिकल उडालं तर मात्र आधी किमान पंधरा-वीस मिनिटं सलग पाणी, मगच रिक्षा. रक्त वाहत असेल तर गॉज ठेवून घट्ट दाबून धरा, दर मिनिटाला उचलून बघू नका. बोट तुटलं तर ते ओलसर स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि ती पिशवी बर्फात ठेवा. बोटाला बर्फ थेट लागता कामा नये. ही एक गोष्ट माहीत नसल्याने जोडता येणारं बोट वाया जाऊ शकतं.

कायद्याचं म्हणाल तर 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 45 मध्ये दर 150 कामगारांमागे किमान एक पेटी आणि तिच्यासाठी प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असलेला, कामाच्या वेळेत हजर असणारा जबाबदार माणूस असं सांगितलं होतं. 2020 च्या नव्या संहितेनंतर तुमच्या युनिटला नेमकं काय लागू होतं ते सल्लागाराला विचारा. मला त्यातला आकड्यापेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो. तुमच्याकडे चार जण असले तरी एकाला सेंट जॉन ॲम्ब्युलन्स किंवा रेड क्रॉसचं प्रशिक्षण द्या. शक्यतो मालक सोडून दुसऱ्याला, कारण मालक निम्मा दिवस बँकेत नाहीतर पार्टीकडे असतो.

कुलूप तर लावूच नका. "सर, सामान चोरीला जातं," असं म्हणणारे भेटतात. अहो, चिकटपट्टी घरी नेली तर नेऊ दे. अपघाताच्या वेळी किल्ली शोधत बसलेला सुपरवायझर फार महाग पडतो.

जाता जाता एक. पेटीवर लाल क्रॉस रंगवू नका, आणि तुम्ही अशा पेट्या बनवून विकायचा विचार करत असाल तर अजिबात नको. ते चिन्ह संरक्षित आहे, आपल्याकडे 1960 च्या जिनिव्हा करार कायद्याने त्याच्या वापरावर बंदी आहे. हिरव्यावर पांढरा क्रॉस, हे प्रथमोपचाराचं चिन्ह.

घरून धंदा करणाऱ्या ताईंनो, तुमची पेटी बाथरूममध्ये किंवा गॅसच्या वर नको. दमट हवेत आणि उष्णतेत पट्ट्यांचा गोंद जातो. लहान मुलं असतील तर गोळ्या वेगळ्या, उंचावर. प्रथमोपचाराच्या पेटीत गोळ्यांची गर्दी करूच नका, कोणाला कशाची ॲलर्जी आहे हे आपल्याला माहीत नसतं.

शेवटचं काम वहीचं. पेटीच्या दाराला आतून एक छोटी वही आणि पेन दोऱ्याने बांधा. 108 आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर तिच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात. मग जो काही काढेल त्याने तारीख, काय लागलं आणि कुठल्या मशीनवर, एवढंच लिहायचं. महिन्याच्या पहिल्या तारखेला पगार काढता ना, त्याच दिवशी पेटी भरायची, एक्स्पायरी बघायची आणि वही वाचायची. एकाच मशीनचं नाव तीनदा आलं असेल, तर त्या महिन्यात चिकटपट्ट्यांबरोबर त्या मशीनचं गार्डही ऑर्डर करा.