सरड्याला तेल लावू नका

लहान शॅमेलिऑन कात टाकत असताना त्याला सगळ्यात मोठा धोका असतो तो पाळणाऱ्याच्या बोटांचा. हे मी चारचौघांत बोलून दाखवलं की लोक जरा दुखावतात, कारण ती बोटं प्रेमाचीच असतात. पण आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींच्या पोरांनी आता कुत्र्या-मांजरांच्या पुढे मजल मारली आहे. कुणाकडे गेको, कुणाकडे अजगराचं पिल्लू, आमच्याकडे शॅमेलिऑन. तेव्हा हे एकदा स्पष्ट लिहिलेलं बरं.

आमच्या लेकीचा सरडा व्हेल्ड शॅमेलिऑन जातीचा. ही जात मूळची येमेन आणि सौदी अरेबियाच्या नैर्ऋत्य भागातली. आमचा मात्र अमेरिकेतच पैदास झालेला. नाव वाटाणा, रंगावरून. घरात आला तेव्हा बोटाएवढा होता. या वयात वाढ झपाट्याने होते, त्यामुळे दर काही आठवड्यांनी कात निघते. मोठेपणी हे प्रमाण पुष्कळ कमी होतं.

कात निघायच्या आधी त्याचा हिरवा रंग मळका दिसू लागतो. मग अंगावर पांढुरका पापुद्रा येतो. सापाची कात सबंध निघते, हा तुकड्यातुकड्यांनी निघतो. आधी डोक्यावरचा तुरा उकलतो, मग पाठीवर चीर जाते, आणि कधीकधी एका बाजूचा मोठा तुकडा नुसता लोंबत राहतो. वाटाणा फांदीवर हनुवटी घासतो, डोळ्याचा गोळा फुगवतो, मागचा पाय वर आणून तोंडापाशी खाजवतो. जेवणावरची वासना थोडी कमी होते. सगळं साधारण दिवसाभरात आटोपतं. पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला पापुद्रा उचलून पाहिला तर त्यात रंगाचा लवलेश नसतो. रंग देणाऱ्या पेशी खालच्या थरात असतात. शॅमेलिऑनच्या त्वचेतले ग्वानिनचे अतिसूक्ष्म स्फटिक एकमेकांपासून लांब-जवळ होतात आणि त्याने रंग पालटतो, हे जिनिव्हाच्या शास्त्रज्ञांनी 2015 मध्ये दाखवलं. तो सगळा कारखाना जागच्या जागी राहतो, वरचं पारदर्शक आवरण तेवढं जातं.

हा लोंबणारा तुकडाच घात करतो. खपली धरलेली दिसली की नख लावायला हात शिवशिवतो, अगदी तस्संच. पण जुन्या थराखाली नवा थर तयार होत असतो, दोहोंच्या मध्ये द्रव साठतो आणि मग जुना थर सुटतो. एक टोक सुटलं म्हणजे दुसरंही सुटलं असं नसतं. ओढलं की जिथे अजून धरून आहे तिथली कोवळी त्वचाही फाटते, आणि त्या जखमेत जंतुसंसर्ग व्हायला वेळ लागत नाही. शिवाय हा एकलकोंडा, भित्रा जीव. वरून येणारा हात त्याच्या लेखी शिकारी पक्ष्याचा असतो. आधीच कातीने हैराण झालेल्या पिल्लाला मुठीत धरून चिमट्याने सोलणं याला मदत कोण म्हणेल?

सासूबाई संगमेश्वरच्या. त्यांना व्हिडिओ कॉलवर वाटाणा दाखवला तर म्हणाल्या, "अगं, हा तर घोयरा! किती खरखरीत झालाय. थोडं खोबरेल चोळ की त्याला."

"आई, तेल नाही लावायचं त्याला."

"का? तान्ह्या पोराला लावतोच ना आपण?"

लावतो, आणि तिथेच आपली गाडी अडते. कोरडं काही दिसलं की तेल, हे आपल्या हाडीमाशी भिनलेलं आहे. पण सरड्याच्या अंगावर तेल धूळ धरून बसतं, डोळ्यांत आणि नाकपुड्यांत जातं. फांदीवरची पकड हेच ज्याचं जगणं, त्याचे तळवे तेलकट करणं तर निव्वळ खुळेपणा. (सासूबाईंच्या लहानपणी घोयरा, म्हणजे आपल्याकडचा शॅमेलिऑन, विषारी म्हणून पोरं त्याला दगड मारायची. त्याला विष अजिबात नसतं. दगडापासून खोबरेलापर्यंत ही प्रगतीच म्हणायची.) आमच्या जवळच्या एका दुकानात तर कात सुटायची म्हणून फवाऱ्याची बाटली मिळते. विक्रेत्याने ती मोठ्या आत्मविश्वासाने पुढे केली. पिंजऱ्यात आर्द्रता किती असते, हे मात्र त्याने विचारलं नाही.

विचारायला हवं होतं ते तेच. इकडे हिवाळ्यात हीटर सुरू झाला की घरातली आर्द्रता 20-30 टक्क्यांवर येते. आपले ओठ फुटतात तिथे त्याची कात कशी सुटणार? या जातीला दिवसा साधारण 40-50 टक्के आणि रात्री त्याहून बरीच जास्त आर्द्रता मानवते. म्हणून साधा आर्द्रतामापक हवाच. शॅमेलिऑन वाटीतलं पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. त्यामुळे सकाळी दिवे लागायच्या आधी आणि रात्री दिवे गेल्यावर पानांवर बारीक फवारा मारायचा, शिवाय दिवसा थेंब-थेंब पाणी पडेल अशी सोय करायची. पिल्लं लहान असल्यामुळे त्यांच्या अंगातलं पाणी फार लवकर कमी होतं. त्यातही अतिउत्साह नको. पिंजरा जाळीचा असावा आणि दोन फवाऱ्यांच्या मधल्या वेळात तो सुकला पाहिजे. सतत ओलं राहिलं की कात सुटेल, पण छातीचं दुखणं मागे लागेल. टबात अंघोळ वगैरे प्रकार तर याच्या बाबतीत करूच नयेत, तो घाबरून अर्धमेला होतो.

आमच्या पिंजऱ्यात मनी प्लांट आहे आणि जास्वंद आहे. जास्वंदीची पानं वाटाणा खातोसुद्धा, म्हणजे गणपतीला फूल आणि याला पाला. शिवाय अंग घासायला एक खडबडीत साल असलेली फांदी. कात काढायचं काम ती फांदी करते, माणसाने तिच्याशी स्पर्धा करू नये.

बोटं, शेपटीचं टोक आणि डोळ्याभोवतीची कड, इथे मात्र नजर ठेवावी लागते. याची बोटं दोन जुड्यांत जोडलेली असतात, पुढच्या पायाला बाहेरच्या बाजूला दोन आणि आतल्या बाजूला तीन. त्यांच्यावर कातीचं कडं राहून गेलं आणि वाळलं, की ते आवळत जातं, रक्त पुढे पोचत नाही आणि बोट गळून पडू शकतं. म्हणून कात झाल्यावर लेक टॉर्च घेऊन एकेक पाय बघते, लांबूनच. काही राहिलेलं दिसलं तर फवारे वाढवायचे. दोन-तीन दिवसांत सुटलं नाही, किंवा बोट सुजलं, काळवंडलं, तर थेट डॉक्टर. दरवेळी कात अडत असेल तर दोष कातीचा नसतो. पाणी कमी पडतंय, जीवनसत्त्व अ कमी किंवा जास्त होतंय, किंवा आत काही आजार आहे. जीवनसत्त्वाचे थेंब मनाने पाजू नयेत, त्याचा अतिरेकही त्वचा बिघडवतो.

आता भारतातल्या वाचकांसाठी. आपला घोयरा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. शेताच्या बांधावरून उचलून त्याला घरी आणणं हा गुन्हा आहे, मग कितीही माया करा. परदेशी शॅमेलिऑनच्या व्यापारावर साइट्स (CITES) या आंतरराष्ट्रीय वन्यजीव-व्यापार कराराचं नियंत्रण आहे, आणि अशा प्राण्यांची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करणं 2024 च्या नियमांनुसार बंधनकारक आहे. माझ्या मते ही नोंदणी घेताना एक प्रश्न आणखी विचारायला हवा: याला तपासणारा डॉक्टर कोण?

पुण्याहून भाच्याचा मेसेज आला होता, "मावशी, मलापण वाटाण्यासारखा एक हवाय." मी त्याला दोनच गोष्टी विचारल्या. नोंदणी कशी करतात, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारा डॉक्टर तुझ्या घरापासून किती लांब आहे? पहिल्याचं उत्तर त्याने लिंकसकट लगेच पाठवलं. दुसऱ्याचं शोधतोय म्हणाला.