धावेल, पण टिकेल काय?

माळव्यातील धार आणि देवास ही नावे मराठी माणसाला पवारांच्या संस्थानांमुळे परिचित आहेत. त्याच धार जिल्ह्यात, इंदूरजवळच्या पीथमपूर येथे, केंद्र सरकारने मोटारींच्या चाचणीसाठी ११.३ किलोमीटर लांबीचा लंबगोल मार्ग बांधला असून जून २०२१ मध्ये तो रीतसर खुला झाला. या मार्गावर मुंबईच्या वझिरानी ऑटोमोटिव्ह या छोट्या कंपनीने आपली ‘एकॉन्क’ ही एकआसनी विजेची मोटार पळविली आणि ताशी ३०९ किलोमीटरचा वेग गाठल्याचे त्याच वर्षी जाहीर केले. मूठभर माणसांनी बांधलेले यंत्र इतके धावावे, याचा आम्हांला मनःपूर्वक आनंद आहे. तथापि अशी मोटार ज्या दिवशी गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहील, त्या दिवशी विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतील. पावसात आत पाणी येते काय? पाच वर्षांनी पुढची काच फुटली तर दुसरी मिळेल काय? आणि तोवर कंपनी तरी असेल काय?

आम्हां कोकण किनाऱ्यावरील लोकांना हे प्रश्न नवे नाहीत. गेले शतक सरता सरता बंगळूरच्या सान मोटर्सने ‘सान स्टॉर्म’ ही दोन आसनांची उघड्या टपाची मोटार काढली, ती आपल्या गोव्यातच तयार होत असे. आरेखन फ्रान्सचे, इंजिन रेनॉचे १.२ लिटरचे, आणि अंग फायबरग्लासचे. तिकडे अलिबागजवळ कार्लेखिंड येथे चिंकारा मोटर्सने ‘रोडस्टर’ बांधली. तिला अँबॅसिडरमध्येही बसविले जाणारे इसुझूचे १.८ लिटरचे इंजिन होते. दोन्ही ठिकाणी इंजिन दुसऱ्याचे घेतले, यात कमीपणा काहीच नाही, उलट शहाणपणच आहे. मोठ्या कारखान्यात लक्षावधी मैलांची परीक्षा देऊन आलेले इंजिन सहसा दगा देत नाही. दगा देतात त्या छोट्या कंपनीने स्वतः केलेल्या वस्तू : दाराचे रबर, टपाची घडी, तारांची जोडणी, बिजागऱ्या. मोठा उत्पादक नवी गाडी विकण्यापूर्वी नमुन्याच्या अनेक गाड्या उन्हात, थंडीत आणि खड्ड्यांत वर्षानुवर्षे झिजवितो. छोट्याजवळ एखाददुसराच नमुना असतो. त्यामुळे पहिली दहापंधरा गिऱ्हाइके हीच त्याची चाचणी ठरतात, आणि तेही स्वतःचे पैसे मोजून!

सुट्या भागांची टंचाई म्हणजे काय, हे वर्तमानपत्रवाल्यांना तरी सांगावे लागू नये. आमच्या छपाईयंत्राचे एक दातेरी चाक एकदा ऐन मध्यरात्री तुटले. बनविणारी कंपनी केव्हाच बुडाली होती. अखेर एका लोहाराने ते घडवून दिले, आणि त्या दिवशीचा अंक दुपारी निघाला. छपाईयंत्राचे निभावले, शंभराच्या वेगाने धावणाऱ्या मोटारीच्या सुकाणूचे असे निभावता येत नाही.

छोट्या कंपनीचा हिशेबही तिच्या यंत्राइतकाच भरवशाचा असावा लागतो. मुंबईच्या डीसी डिझाइनने २०१२ च्या दिल्लीतील वाहन प्रदर्शनात ‘अवंती’ ही मोटार मांडली, तेव्हा स्वदेशी स्पोर्ट्स मोटार म्हणून देशभर तिचे कौतुक झाले. पुढे डिसेंबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी या कंपनीच्या संस्थापकांना कर्जव्यवहारांतील फसवणुकीच्या आरोपावरून अटक केली. आरोप म्हणजे गुन्हा नव्हे; त्याचा निवाडा न्यायालयाने करावयाचा आहे. पण ज्यांनी ती गाडी घेतली, त्यांच्या मनाला त्या दिवशी काय वाटले असेल, याची कल्पना करणे कठीण नाही. स्वदेशीच्या संस्कारांत वाढलेल्या आमच्या पिढीला देशी मालाविषयी पक्षपात आहे, हे आम्ही लपवीत नाही. खादी जाडीभरडी होती तरी ती लोकांनी वापरली. मात्र ती पहिल्या धुण्यात विरली नाही, हेही विसरता कामा नये.

इंग्लंडमध्ये या धंद्याची दोन टोके पाहावयास मिळतात. माल्व्हर्न गावची मॉर्गन कंपनी गेली शंभराहून अधिक वर्षे लाकडी सांगाड्याच्या मोटारी हाताने बांधते, परंतु इंजिन बाहेरून विकत घेते. ब्लॅकपूलच्या टीव्हीआरला मात्र इंजिनही आपलेच असावे अशी हौस आली. त्या इंजिनाच्या तक्रारींनी कंपनीचे नाव खराब झाले आणि २००६ मध्ये तेथील कारखाना थांबला. पुढे नव्या मालकांनी २०१७ साली नवा नमुना दाखविला खरा, पण त्यानंतर गिऱ्हाइके वाट पाहातच राहिली.

आपल्याकडे मोटार विकावयाची तर मोठ्या कारखान्याला लागते तीच संमती छोट्यालाही घ्यावी लागते. सुरक्षिततेत सवलत द्या, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. पण २०१८ साली केंद्र सरकारने परदेशी प्रमाणपत्र असलेल्या मोटारींना, वर्षाला २,५०० पर्यंत, येथील फेरचाचणीतून मोकळीक दिली. परक्याच्या अडीच हजार गाड्यांसाठी जे सुचले, ते घरच्या पन्नास गाड्यांसाठी सुचू नये काय? युरोपात अल्पसंख्य गाड्या काढणाऱ्यांसाठी संमतीची वेगळी पद्धत आहे. तशी येथे आणावी, आणि त्या बदल्यात दोन अटी घालाव्यात. गिऱ्हाइकाची आगाऊ रक्कम गाडी हाती पडेपर्यंत बँकेत वेगळ्या खात्यात राहावी. आणि साच्यांची व आराखड्यांची एक प्रत सरकारी संस्थेकडे ठेवली जावी, म्हणजे कंपनी बुडाली तरी दार आणि दिवा बनविणारा कोणी उभा राहू शकेल.

पीथमपूरचा मार्ग जनतेच्या पैशाने झाला आहे. वेगाच्या लंबगोलाखेरीज तेथे गाडीला खिळखिळी करून पाहणारे खडबडीत मार्गही आहेत. छोट्या उत्पादकांना ते सवलतीच्या दरात महिनोन् महिने वापरू द्यावेत. तेथून निघाल्यावर गाडी देवास जिल्ह्याच्या दक्षिणेकडील उदयनगरपर्यंत, भर पावसाळ्यात, काळ्या मातीच्या चिखलातून नेऊन आणावी. ताशी ३०९ किलोमीटरचा आकडा छापावयास आम्हांला आनंदच झाला. उदयनगरहून ती आपल्या चाकांवर परत आल्याची बातमी आम्ही पहिल्या पानावर छापू.